ऑर्गनच्या भात्यावर उडालेले विमान

संगणकावर विमान उडवण्याचा छंद आता आपल्याकडेही अनोळखी राहिलेला नाही. मेजाच्या कडेला योक, म्हणजे विमानाचे सुकाणू, शिकंजाने आवळायचे, हाताशी थ्रॉटलच्या दांड्या बसवायच्या, पायाखाली रडरची पेडले ठेवायची. ती फरशीवर सरकतात म्हणून खाली रबराचा तुकडा घालायचा, आणि चाकांची खुर्ची मागे पळते म्हणून तिची चाके काढून टाकायची. घराच्या एका कोपऱ्यात असा वैमानिक-कक्ष उभारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की या साऱ्या खटाटोपाचा मूळपुरुष विमान-अभियंता नव्हता, तर वाद्ये बनवणाऱ्या कारखानदाराचा मुलगा होता. त्याचे नाव एडविन अल्बर्ट लिंक.

लिंक यांचा जन्म २६ जुलै १९०४ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील हंटिंग्टन या गावी झाला. ते सहा वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे आले. तेथे त्यांच्या वडिलांनी दिवाळखोरीत निघालेली एक वाद्यकंपनी विकत घेतली होती. आपोआप वाजणारे पियानो आणि मूकपटांच्या चित्रगृहांत बसवले जाणारे प्रचंड ऑर्गन हा त्या कारखान्याचा माल. कागदाच्या गुंडाळीवरील छिद्रांतून हवा आत शिरली की नळ्यांच्या जाळ्यातून तो संदेश योग्य त्या झडपेपर्यंत पोहोचे आणि पट्टी दाबली जाई. विजेच्या तारांनी जे काम पुढे केले, ते येथे हवा करीत होती. शाळेच्या अभ्यासात लिंक यांचे मन फारसे रमले नाही. कारखान्यात मात्र ते हा हवेचा व्यवहार हाताने शिकले.

आपल्या वाचकांना हे तंत्र समजायला परके पडू नये. संगीत नाटकांच्या काळात रंगमंचासमोर जी पायपेटी, म्हणजे ऑर्गन, वाजे, तिच्या अमेरिकी घडणीच्या नमुन्यात पायांनी भाता चालवून हवा बाहेर ओढली जाते आणि स्वरपट्टीतून आत शिरणारी हवा सूर काढते. हातपेटीत हवा दाबली जाते, येथे ती खेचली जाते. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण लिंक यांचे विमान पुढे याच खेचलेल्या हवेवर डोलणार होते.

१९२० साली, सोळाव्या वर्षी, लॉस एंजलिसजवळ त्यांनी विमानोड्डाणाचा पहिला धडा घेतला. चार्ली चॅप्लिन यांचे सावत्र बंधू सिडनी चॅप्लिन यांच्या विमानकंपनीत पन्नास डॉलर भरून ते विमानात बसले. बराच वेळ विमानाने आकाशात कोलांट्या घेतल्या, गिरक्या घेतल्या. पण शिकाऊ मुलाला दांड्याला हातही लावू दिला नाही. त्या काळी पन्नास डॉलर ही लहान रक्कम नव्हती, आणि वडिलांना हा प्रकार मुळीच रुचला नाही. पण याच निष्फळ धड्याने एक प्रश्न मागे ठेवला. विमान चालवण्याचा प्राथमिक सराव जमिनीवरच का करता येऊ नये? आकाशात प्रत्येक मिनिटाला पेट्रोल जळते, आणि चूक झाली तर दुसरी संधी मिळेलच असे नाही.

लिंक उड्डाण शिकले आणि सेसना कंपनीने ग्राहकाच्या हाती दिलेले पहिले विमान त्यांनी मिळवले. गावोगाव विमान नेऊन लोकांना सफर घडवणे, भाड्याने विमान देणे, शिकवणे अशी त्यांची उपजीविका चाले. या उद्योगाला जाहिरातीची जोड होती. विमानाच्या पंखाखाली त्यांनी दिव्यांची अक्षरे बसवली आणि ती पियानोच्या छिद्रांच्या गुंडाळीने उजळवली. लोकांनी वर पाहावे म्हणून विमानात ऑर्गनच्या नळ्याही बसवल्या. रात्रीच्या आकाशातून सूर काढत जाणारे हे विमान म्हणजे त्यांच्या दोन्ही विद्यांचे लग्नच होते.

१९२७ च्या सुमारास वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात त्यांनी आपले यंत्र बांधायला घेतले. सुमारे दीड वर्ष हे काम चालले. लहान पंखांची, बुटक्या शेपटीची एक लाकडी पेटी, तीत एक माणूस बसेल एवढी जागा, आणि ती पेटी खाली एका सर्वदिश सांध्यावर तोललेली. पुढे, मागे, डावीकडे व उजवीकडे असे चार भाते. विजेच्या पंपाने हवा खेचली जाई. शिकाऊ वैमानिकाने दांडा ओढला की त्याला जोडलेल्या झडपा उघडत वा मिटत. एका बाजूच्या भात्यातली हवा ओढली जाऊन तो आकसे, समोरच्या भात्यात हवा शिरून तो फुगे आणि पेटीचे नाक वर उचलले जाई. पेटी स्वतःभोवती फिरावी म्हणून दहा छोट्या भात्यांची एक चक्राकार मोटर होती. ती तर स्वयंचलित पियानोतून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली होती. पेटी पूर्ण गिरकी घेत असतानाही वीज तुटू नये म्हणून तळाशी सरकत्या कड्यांचे जोड होते. पुढच्या नमुन्यांत भात्यांचा आणखी एक संच आला. वेग घटून विमान कोसळण्याच्या बेतात येते तेव्हा जो थरथराट होतो, तो या संचातून निर्माण केला जाई.

एप्रिल १९२९ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला आणि १९३१ मध्ये ते मिळाले. त्या एकस्वात यंत्राचे वर्णन शिकाऊ वैमानिकांचे साधन आणि करमणुकीचे उपकरण असे दुहेरी होते, आणि हे दुहेरीपण पुढील काही वर्षे त्यांना भोवले. विमानशाळांनी पाठ फिरवली. यंत्रे गेली ती जत्रा-बागांत, नाणे टाकून चालवण्याच्या खेळांच्या रांगेत. इकडे बोलपटांनी चित्रगृहांतला ऑर्गन निरुपयोगी ठरवला होता, मंदीने उरलेसुरले गिऱ्हाईक नेले आणि वडिलांचा कारखाना डबघाईला आला. लिंक यांनी भाऊ जॉर्ज यांच्यासह स्वतःची उड्डाणशाळा काढली. तेथे आधी पेटीत सराव आणि मग खऱ्या विमानात, या क्रमाने विद्यार्थी ८५ डॉलरमध्ये एकट्याने उडण्यापर्यंत पोहोचत. १९३१ साली त्यांचा विवाह मॅरियन क्लेटन या पत्रकार तरुणीशी झाला. पुढील पन्नास वर्षांत कंपनीचा कारभार, पत्रव्यवहार आणि मोहिमांचे लेखन यांत मॅरियन यांचा वाटा इतका मोठा आहे, की लिंक यांचे चरित्र एकट्याचे म्हणून सांगणे अन्यायाचेच ठरेल.

याच काळात यंत्राला त्याचे खरे काम सापडले. ढगात किंवा धुक्यात शिरलेल्या वैमानिकाला क्षितिज दिसत नाही. अशा वेळी कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय त्याला फसवते. संथ वळणात काही वेळ गेला की वळण थांबल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात विमान गिरक्या घेत खाली जात असते आणि वैमानिक सरळ उडत असल्याच्या खात्रीत असतो. यावर उपाय एकच, शरीरावर विश्वास न ठेवता समोरच्या उपकरणांवर ठेवणे. हे ऐकायला सोपे आहे, अंगवळणी पडायला महाकठीण. लिंक यांनी पेटीत उपकरणे बसवली, वर झाकण घातले, आणि आतला माणूस काटे पाहूनच उडू लागला. घरी कक्ष उभारणारे आज मोठ्या पडद्यावर आणि हलत्या आसनावर बराच खर्च करतात. हालचालीचा शिक्षणाला उपयोग किती, यावर जाणकारांत आजही एकमत नाही. पण उपकरणे वाचण्याची शिस्त मात्र न हलणाऱ्या साध्या खुर्चीतही शिकता येते.

तरी सैन्याला हे पटायला माणसे मरावी लागली. फेब्रुवारी १९३४ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांशी असलेले हवाई टपालाचे करार रद्द केले आणि ते काम लष्करी हवाई दलावर सोपवले. हिवाळा कडक होता. रात्रीच्या आणि ढगांतल्या उड्डाणाची वैमानिकांना सवय नव्हती. पहिल्या काही दिवसांतच अपघातांची मालिका लागली आणि अडीच महिन्यांत बारा जण गेले. त्याच सुमारास लिंक यांना न्यूअर्कच्या विमानतळावर अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी बोलावणे आले. त्या दिवशी धुके इतके दाट होते, की माणूस येणार नाही असे धरून अधिकारी निघण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात धुक्यातून एक विमान उतरले. लिंक उपकरणांच्या आधारे आले होते. यंत्राची यापेक्षा चांगली जाहिरात करणे कोणाला शक्य नव्हते. लष्कराने प्रत्येकी सुमारे ३,५०० डॉलरना सहा यंत्रे मागवली.

मग मागणी वाढतच गेली. गमतीचा भाग असा, की युद्धापूर्वी ही यंत्रे घेणाऱ्यांत जपानही होता. दुसऱ्या महायुद्धात निळ्या रंगामुळे निळी पेटी म्हणून ओळखले जाणारे हे यंत्र दोस्त राष्ट्रांच्या विमानशाळांत सर्वत्र पोहोचले. दहा हजारांच्या घरात पेट्या बनल्या आणि पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी त्यांत धडे घेतले. पेटीशेजारी शिक्षकाचे मेज असे. त्यावर नकाशा, आणि नकाशावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र खेकड्यासारखे सरकत विद्यार्थ्याच्या मार्गाची शाईची रेघ ओढी. विद्यार्थ्याच्या कानांत रेडिओचे संकेत येत. मार्गाच्या एका बाजूला मॉर्समधील ए, दुसऱ्या बाजूला एन, आणि बरोबर मार्गावर असताना दोन्ही मिसळून एकच अखंड सूर. झाकण उघडून विद्यार्थी बाहेर आला की आपण कोठे चुकलो, हे त्याला त्या रेघेवर दिसे. ब्रिटिशांच्या मागणीवरून लिंक यांनी दिक्चालनतज्ज्ञ फिलिप वीम्स यांच्यासह ताऱ्यांवरून मार्ग काढण्याचे शिक्षण देणारे अजस्र यंत्रही उभारले. सुमारे ४५ फूट उंचीच्या गोल इमारतीत, सरकत्या ताऱ्यांच्या घुमटाखाली, बाँबफेकी विमानाचा चमू जमिनीवरच रात्रभराचा प्रवास करी.

१९५४ मध्ये कंपनी जनरल प्रिसिजन या मोठ्या उद्योगसमूहात गेली. अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांचे सराव-कक्ष पुढे याच कंपनीच्या लिंक विभागाने बनवले. लिंक स्वतः मात्र पन्नाशीत एका वेगळ्याच दिशेला वळले होते. सी डायव्हर नावाच्या जहाजातून ते आणि मॅरियन बुडालेली गलबते व शहरे शोधू लागले. १९५९ मध्ये जमैकाचे पोर्ट रॉयल, पुढच्या वर्षी इस्रायलमधील सिझेरिया. पाणबुड्याने खोल जाऊन तेथे अधिक काळ राहावे कसे, हा त्यांचा नवा प्रश्न होता. ऑगस्ट १९६२ मध्ये भूमध्य समुद्रात, स्वतः घडवलेल्या धातूच्या नळकांड्यात, ५८ वर्षांचे लिंक ६० फुटांवर आठ तास राहिले. काही दिवसांनी बेल्जियमचे रॉबेर स्तेन्युई २०० फुटांवर एक दिवसाहून अधिक राहिले. १९६४ मध्ये बहामाजवळ स्तेन्युई आणि जॉन लिंडबर्ग, म्हणजे अटलांटिक ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग यांचे चिरंजीव, यांनी ४३२ फूट खोलीवर रबरी घरात ४९ तास काढले.

१९७१ साली उद्योगपती सिवर्ड जॉन्सन यांच्या सहकार्याने जॉन्सन सी लिंक ही छोटी पाणबुडी तयार झाली. पुढे पारदर्शक गोल, मागे पाणबुड्याला बाहेर पडता येईल असा ॲल्युमिनियमचा कप्पा. १७ जून १९७३ रोजी फ्लोरिडातील की वेस्टजवळ, कृत्रिम प्रवाळभित्तीसाठी बुडवलेल्या एका विनाशिकेच्या सांगाड्यात ती अडकली. पाणी सुमारे ११० मीटर खोल, प्रवाह जोराचा. सुटका करायला गेलेल्यांना जवळ जाता येईना. दुसऱ्या दिवशी ती वर आली तेव्हा पुढच्या गोलातले दोघे जिवंत होते. मागच्या कप्प्यातले दोघे गेले होते. ॲल्युमिनियमच्या भिंतींनी समुद्राची थंडी आत पोहोचवली होती आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारे रसायन त्या थंडीत निकामी झाले होते. त्या दोघांपैकी एक लिंक यांचे धाकटे चिरंजीव, ३१ वर्षांचे एडविन क्लेटन लिंक.

जमिनीवर चूक करायला मिळाली तर आकाशात माणूस वाचतो, या विचारावर ज्यांचे सारे आयुष्य उभे होते, त्यांच्याच यंत्रात त्यांचा मुलगा गेला. या दुःखाविषयी लिहिण्याचा अधिकार कोणाला नाही. लिंक यांनी काय केले, एवढे सांगता येते. त्यांनी काम सोडले नाही. अडकलेल्या पाणबुडीपर्यंत पोहोचून तिला मोकळे करू शकेल असे, केबलने जहाजाला जोडलेले, कॅमेरे आणि कापणारे हात असलेले मानवरहित साधन त्यांनी बांधायला घेतले. वयाच्या सत्तरीत ते पुन्हा एकदा तळघरातल्या तरुणासारखे कामाला लागले आणि ते साधन पुरे करूनच थांबले.

७ सप्टेंबर १९८१ रोजी बिंगहॅम्टन येथे लिंक यांचे निधन झाले. त्या वेळी घरगुती संगणकावरचे उड्डाण नुकतेच सुरू झाले होते. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आला तो पुढच्याच वर्षी. त्यांच्या नावाची पाणबुडी १९८६ मध्ये कोसळलेल्या चॅलेंजर यानाचे अवशेष समुद्रतळी शोधण्याच्या कामी आली. बिंगहॅम्टनच्या रॉबर्सन संग्रहालयात त्यांच्या वडिलांच्या कारखान्यात बनलेला चित्रगृहाचा ऑर्गन आहे, आणि त्याच संग्रहालयात एक लिंक ट्रेनरही आहे.