संत मदर थिओडोर गेरिन : जाचक अधिकाराच्या छायेतील सेवाव्रत

आपल्या धर्मग्रामांतील असंख्य बंधुभगिनी पोटापाण्यासाठी रोज नोकरीवर जातात. कामाचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. परंतु वरिष्ठांनी चारचौघांत केलेला पाणउतारा, विनाकारण घेतलेला संशय आणि पदोपदी होणारी अडवणूक यांचा शीण घरापर्यंत पाठलाग करतो. अशा वेळी श्रद्धावंतापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. प्रभू येशूने आपल्याला क्षमा करण्यास आणि आपला क्रूस उचलण्यास सांगितले आहे. मग मुकाट्याने सोसत राहणे हेच ख्रिस्ती कर्तव्य आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याने संत मदर थिओडोर गेरिन यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे. त्यांना जाच झाला तो कोणा धर्मद्वेष्ट्या राजाकडून नव्हे, तर त्यांच्याच बिशपांकडून. ही गोष्ट ख्रिस्तसभेने लपवून ठेवलेली नाही. आपणही ती लपवण्याचे कारण नाही.

ॲन-थेरेस गेरिन यांचा जन्म २ ऑक्टोबर १७९८ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, समुद्रकाठच्या एताब्ल या गावी झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादळातून ख्रिस्तसभा तेव्हा नुकतीच सावरत होती. ॲन-थेरेस जेमतेम पंधरा वर्षांची असताना, नौदलात अधिकारी असलेल्या त्यांच्या वडिलांची घरी परतताना वाटेत दरोडेखोरांनी हत्या केली. शोकाने खचलेल्या आईचा आणि धाकट्या बहिणीचा सांभाळ या कोवळ्या मुलीवर येऊन पडला. प्रभूच्या सेवेची ओढ असूनही आईची संमती मिळेपर्यंत त्या थांबल्या. १८२३ साली, पंचविशीच्या उंबरठ्यावर, त्या रुइये-सूर-ल्वार येथील सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स या संस्थेत दाखल झाल्या. तेथे झालेल्या गंभीर आजारावरील औषधोपचारांनी त्यांची पचनशक्ती कायमची बिघडली. उर्वरित आयुष्य त्यांनी पातळ व मऊ अन्नावर काढले. तरीही शिक्षिका म्हणून त्यांनी एवढा लौकिक मिळवला की फ्रान्सच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी पदक देऊन त्यांचा गौरव केला.

१८३९ साली अमेरिकेतील व्हिन्सेन्स धर्मप्रांताचे बिशपपद सेलेस्तिन द ला हायलांदिएर यांच्याकडे आले. तेही ब्रिटनीचेच आणि जन्मही १७९८ चाच. आपल्या विस्तीर्ण व गरीब धर्मप्रांतात शाळा चालवण्यासाठी त्यांनी रुइये येथील संस्थेकडे धर्मभगिनींची मागणी केली. प्रकृतीमुळे मदर थिओडोर प्रथम कचरल्या. परंतु अखेरीस पाच भगिनींसह निघाल्या. सुमारे तीन महिन्यांच्या खडतर प्रवासानंतर २२ ऑक्टोबर १८४० रोजी त्या इंडियानातील घनदाट अरण्यात पोहोचल्या. तेथे ना गाव होते, ना मठ. लाकडी ओंडक्यांची एक खोपटी हेच प्रार्थनामंदिर होते आणि राहण्यासाठी एका शेतकरी कुटुंबाच्या लहानशा घरात जागा मिळाली. अशाही परिस्थितीत जुलै १८४१ मध्ये त्यांनी मुलींसाठी विद्यालय सुरू केले. आज सेंट मेरी-ऑफ-द-वुड्स कॉलेज म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच.

बिशप हायलांदिएर आळशी किंवा अप्रामाणिक नव्हते, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. धर्मप्रांतासाठी ते अहोरात्र झटत. पुढे जेथे नोत्र दाम विद्यापीठ उभे राहिले ती जागा होली क्रॉस संस्थेच्या फादर सोराँ यांना त्यांनीच दिली. परंतु दुसऱ्या कोणी निर्णय घ्यावा, हे त्यांना सहन होत नसे. सोपवलेल्या कामात ते पुन्हा पुन्हा हात घालत आणि दिलेल्या शब्दाला नव्या अटी जोडत.

१८४२ साली लागलेल्या आगीत भगिनींचे धान्याचे कोठार व पीक भस्मसात झाले. मदत मिळवण्यासाठी मदर थिओडोर १८४३ मध्ये फ्रान्सला गेल्या. त्यांच्या पाठीमागे बिशपांनी परस्पर नवशिष्यांना व्रते दिली, भगिनींची सेंट फ्रान्सिसव्हिल येथील शाळा बंद केली आणि प्रमुखपदाची निवडणूकही घ्यायला लावली. भगिनींनी एकमुखाने मदर थिओडोर यांनाच पुन्हा निवडले. ज्या जमिनीवर भगिनींनी घाम गाळून वास्तू उभारली, तिचे कागदपत्र त्यांच्या नावे करून देण्याचे बिशप वर्षानुवर्षे टाळत राहिले.

मदर थिओडोर यांनी काय केले? त्यांनी शाळा थांबू दिल्या नाहीत. बिशपपदाचा मान राखला, पण चुकीच्या मागणीला होकार दिला नाही. घडलेल्या घटना व आपले म्हणणे त्या पत्रांतून स्पष्टपणे मांडत राहिल्या. फ्रान्समधील ल मान्सचे बिशप बुव्हिए यांच्यासारख्या अनुभवी धर्माधिकाऱ्यांचा सल्ला त्यांनी घेतला. आपल्या भगिनींना बिशपांविरुद्ध द्वेष मात्र त्यांनी शिकवला नाही.

मे १८४७ मध्ये या संघर्षाने टोक गाठले. भेटीसाठी व्हिन्सेन्सला गेलेल्या मदर थिओडोर यांना बिशपांनी आपल्या निवासस्थानातील खोलीत कोंडले. बराच वेळ झाला तेव्हा चिंतातुर भगिनी त्यांच्या शोधार्थ तेथे आल्या. त्यानंतर बिशपांनी त्यांना प्रमुखपदावरून दूर केल्याचे, व्रतांतून मुक्त केल्याचे सांगितले. धर्मप्रांत सोडून जावे आणि आपल्या भगिनींशी संपर्कही ठेवू नये, असा त्यांचा हुकूम होता. धर्मबहिष्काराची धमकीही दिली. आधीच दुर्बल असलेल्या मदर थिओडोर अंथरुणाला खिळल्या. अरण्यातील मठात भगिनींनी निर्णय घेतला की मदर जातील तिकडे आपणही जायचे.

सामानाची बांधाबांध होण्याच्या बेतात असतानाच वार्ता येऊन थडकली. बिशप हायलांदिएर यांचा राजीनामा रोमने स्वीकारला होता आणि बिशप जॉन स्टीफन बाझँ यांची नेमणूक झाली होती. ऑक्टोबर १८४७ मध्ये बाझँ यांचा अभिषेक झाला. मदर थिओडोर आपल्या पदावर राहिल्या आणि काम निर्वेधपणे सुरू झाले. हायलांदिएर पुढे फ्रान्सला परतले व १८८२ मध्ये तेथेच निवर्तले.

१४ मे १८५६ रोजी मदर थिओडोर प्रभूच्या घरी गेल्या, तेव्हा सहा भगिनींपासून सुरू झालेल्या संस्थेत सदुसष्ट व्रतधारी भगिनी होत्या. इंडियानाच्या अनेक गावांत शाळा, व्हिन्सेन्समध्ये दोन अनाथाश्रम आणि गरिबांसाठी मोफत औषधालये उभी राहिली होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ ऑक्टोबर १९९८ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी १५ ऑक्टोबर २००६ रोजी त्यांना संतपद बहाल केले. ज्या स्त्रीला एका बिशपांनी बहिष्काराची धमकी दिली, तिलाच ख्रिस्तसभेने वेदीवरचा सन्मान दिला.

प्रिय बंधुभगिनींनो, क्षमा करणे म्हणजे अन्यायाला न्याय म्हणणे नव्हे. मदर थिओडोर यांनी मनात सूड बाळगला नाही, परंतु सत्य सांगण्याचेही टाळले नाही. आपल्या कार्यालयात जाच होत असेल तर आपले काम चोख ठेवावे, घडलेल्या गोष्टींची तारीखवार नोंद करावी, जाणत्यांचा सल्ला घ्यावा आणि योग्य त्या वरिष्ठांकडे दाद मागावी. प्रकृती खालावत असेल, तर सन्मानाने ती जागा सोडणे हा पराभव नव्हे. मदर थिओडोर यांचीही तशी तयारी होती. तसेच एखाद्या सहकाऱ्याचा छळ होत असेल तर मान खाली घालून बसू नये. अरण्यातील त्या भगिनी सोबत उभ्या राहिल्या नसत्या, तर मदर थिओडोर एकाकी पडल्या असत्या.

आणि ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात, त्या आपण सर्वांनी, धर्मगुरूंनीसुद्धा, बिशप हायलांदिएर यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. कष्टाळूपणा आणि सद्हेतू असूनही अधिकाराचा हव्यास माणसाला कोठवर नेतो, हे त्यांच्या कारकिर्दीतून दिसते. ३ ऑक्टोबर हा संत मदर थिओडोर यांचा सणदिन. त्या दिवशी नोकरीच्या ठिकाणी अपमान सोसणाऱ्या प्रत्येकासाठी, तसेच त्यांच्या वरिष्ठांसाठीही, या संत मातेच्या मध्यस्थीने प्रार्थना करू या.