गिरमिटियांचा कैवारी : नामदार गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की अंदाजपत्रकावरची भाषणे, प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणि गांधीजींचे राजकीय गुरू एवढे आपल्याला चटकन आठवते. पोटासाठी समुद्रापार गेलेल्या भारतीय मजुरांसाठी ते झगडले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आपल्या मंडळातल्या मुलांना तेही ठाऊक असावे, म्हणून ही ओळख.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने नोकरी धरून त्यांना शिकवले. १८८४ मध्ये ते पदवीधर झाले, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांना कडक शिस्त लागली : आकडे तपासल्याशिवाय लिहायचे नाही, माहिती पुरी असल्याशिवाय बोलायचे नाही.

हीच शिस्त इतरांना लागावी म्हणून १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. या काळात अभ्यास करायचा, देश फिरायचा आणि लोकांचे ऐकायचे. पुढारीपण हेही शिकावे लागते, असे गोखले मानत.

त्या काळी करारावर नाताळ, फिजी, मॉरिशसला नेलेल्या मजुरांना गिरमिटिया म्हणत. नाताळमध्ये तर करार संपल्यावर तिथेच राहू इच्छिणाऱ्याला दरसाल तीन पौंड कर भरावा लागे. बायकामुलांवरही तो असल्याने चौघांच्या घराला वर्षाला बारा पौंड पडत. १९१० मध्ये गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळची मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. ४ मार्च १९१२ रोजी सगळी गिरमिट पद्धतच बंद करण्याचा त्यांचा ठराव मात्र २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, मधुमेहाने प्रकृती ढासळलेली असतानाही, ते दक्षिण आफ्रिकेला गेले. केपटाउनपासून ड्यूरबनपर्यंत गावोगावी लोकांना भेटले. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदूंची वस्ती होती. त्यांना गोखल्यांचे मराठी ऐकायचे होते. गांधीजींनी आग्रह धरला आणि भाषांतराची जबाबदारी स्वतःवर घेतली. गांधीजींच्या मराठीबद्दल गोखल्यांना शंका होती, त्यांनी तशी थट्टाही केली. पण भाषण मराठीत झाले आणि भाषांतरही त्यांना पसंत पडले. तिथून झांजिबारपर्यंत अशा सभांत ते मराठीतच बोलत राहिले.

प्रिटोरियाला बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांना भेटण्याच्या आदल्या रात्री त्यांनी गांधीजींकडून सगळा इतिहास लिहून घेतला. स्वतः जागले, बरोबरच्यांनाही जागवले. तीन पौंडांचा कर रद्द होईल असे आश्वासन मिळाल्याचे त्यांनी गांधीजींना सांगितले. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने ते नाकारले, तेव्हा हजारो मजूर संपावर गेले. आजारी गोखल्यांनी भारतात निधी जमवला, व्हाइसरॉयपर्यंत हा प्रश्न लावून धरला आणि अँड्र्यूज व पिअर्सन यांना मदतीला धाडले. १९१४ च्या कायद्याने तो कर गेला.

१९१५ च्या जानेवारीत गांधीजी भारतात परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांनाही उमेदवाराचाच धडा दिला : वर्षभर देश पाहा, मग बोला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. वय अवघे ४८. गिरमिटाची भरती १९१७ मध्ये थांबली. ती पाहायला ते नव्हते. पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले श्रीनिवास शास्त्री १९२७ मध्ये भारत सरकारचे पहिले प्रतिनिधी म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथल्या भारतीयांची बाजू मांडू लागले.

माणसे घडवून ठेवली होती, म्हणून काम मागे पडले नाही. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मंडळांनी गोखल्यांकडून घ्यावे ते हेच.