ॲलन मॅक्डायर्मिड: प्लास्टिकला वीज वाहायला लावणारा माणूस

तुमच्या फोनची स्क्रीन ओलेड असेल, तर त्यातला 'ओ' म्हणजे ऑर्गॅनिक. शेतीवालं ऑर्गॅनिक नाही हं, कार्बनच्या रेणूंपासून बनलेलं. कार्बनचे असे पदार्थ विजेसाठी वापरता येतात यावर जगाचा विश्वास बसवणाऱ्या तिघांपैकी एकाची ही गोष्ट.

ॲलन मॅक्डायर्मिडचा जन्म १९२७ चा, न्यूझीलंडमधल्या मास्टर्टनचा. मंदीचा काळ, घरात पाच भावंडं, वडिलांचं काम गेलेलं. दहाएक वर्षांचा असताना त्याला वडिलांचं रसायनशास्त्राचं जुनं पुस्तक सापडलं. मग लायब्ररीतून मुलांसाठीचं प्रयोगांचं एक पुस्तक आणलं आणि जवळजवळ वर्षभर तेच पुन्हा पुन्हा रिन्यू केलं. सोळाव्या वर्षी शाळा सोडावी लागली. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया कॉलेजात, रसायनशास्त्र विभागातच, झाडू मारायची आणि काचेची भांडी धुवायची नोकरी मिळाली. शिक्षण पार्टटाइम. तिथेच एका प्राध्यापकाने त्याला सल्फर आणि नायट्रोजनच्या एका संयुगावर काम दिलं. त्याचे स्फटिक भडक नारिंगी. हा रंगांचा नाद त्याला आयुष्यभर पुरला.

पुढे फुलब्राइट, विस्कॉन्सिनला पीएचडी, केंब्रिजला दुसरी पीएचडी आणि १९५५ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नोकरी. वीस वर्षं मुख्यतः सिलिकॉनची रसायनं. मग त्याच विद्यापीठातला भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर त्याला येऊन भेटला. सल्फर-नायट्रोजनचं एक सोनेरी पॉलिमर धातूसारखी वीज वाहून नेतं, त्यावर हीगरला काम करायचं होतं आणि ते बनवू शकणारा माणूस हवा होता.

१९७५ मध्ये मॅक्डायर्मिड जपानला गेला. टोकियोत व्याख्यान दिलं आणि नंतर ग्रीन टी पिताना हिदेकी शिराकावाला आपला सोनेरी नमुना दाखवला. शिराकावाने स्वतःचा चंदेरी दाखवला: पॉलिॲसिटिलीनची चकचकीत फिल्म. ती आधी चुकून बनली होती. १९६७ मध्ये प्रयोग करताना उत्प्रेरक हजारपट जास्त पडला होता. (मिलीमोलच्या जागी मोल. कोडिंगवाल्यांना हा बग ओळखीचा वाटेल.)

माझ्या मते मॅक्डायर्मिडचं खरं मोठेपण पुढच्या पावलात आहे. नुसतं कौतुक करून तो परतला नाही. अमेरिकन नौदलाच्या संशोधन कार्यालयाकडून पैसे मिळवून त्याने शिराकावाला वर्षभरासाठी पेनसिल्व्हेनियाला बोलावलं. २३ नोव्हेंबर १९७६ ला त्या फिल्मला ब्रोमिनची वाफ दिली, आणि काही मिनिटांत तिची वीज वाहून नेण्याची क्षमता एक कोटी पटीने वाढली.

हे घडतं कसं? पॉलिॲसिटिलीन म्हणजे कार्बनची लांब साखळी, एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने. इलेक्ट्रॉन भरपूर, पण गच्च भरलेल्या लोकलसारखे: कुणालाच हलता येत नाही. ब्रोमिन काही इलेक्ट्रॉन खेचून घेतो, म्हणजे थोडे प्रवासी उतरवतो. मग बाकीचे सरकू लागतात. यालाच डोपिंग म्हणतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. तुमच्या स्क्रीनमध्ये पॉलिॲसिटिलीन नाही. हवेत ते खराब होतं. आजच्या ओलेडची वाट १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी वेगळ्या, छोट्या रेणूंपासून काढली. १९९० मध्ये केंब्रिजच्या गटाने प्लास्टिकसारख्या लांब रेणूंतूनही प्रकाश काढला. तिथे मात्र मॅक्डायर्मिडच्या कामाशी असलेलं नातं जास्त जवळचं आहे.

तो स्वतः पुढे पॉलिॲनिलीनकडे वळला. हा पदार्थ एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता, स्वस्त होता आणि हवेत टिकायचा. ॲसिड दिलं की हिरवा होतो आणि वीज वाहून नेतो. पुन्हा रंगच!

२००० साली हीगर, मॅक्डायर्मिड आणि शिराकावा यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २००२ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, त्याने टेक्सासमध्ये नवी प्राध्यापकी घेतली. आजारी होता, तरी प्रवास थांबले नव्हते. ७ फेब्रुवारी २००७ ला न्यूझीलंडला जायच्या गडबडीत तो फिलाडेल्फियाजवळच्या आपल्या घरात जिन्यावरून पडला आणि त्यातच गेला.