गाडगेबाबा आणि आरोग्याचा डेटा: सरासरीच्या आत कोण राहतं?

अमरावतीजवळच्या वलगावला पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला. वऱ्हाडात हे लहान पोरालाही माहीत असतं. त्याच वर्षी मुंबईत लोकसंख्येचा अभ्यास शिकवणारी एक संस्था सुरू झाली. आज देवनारला असलेली ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. देशाचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, हीच संस्था करते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आकडे बघणं हे माझं रोजचं काम. एनएफएचएसचे तक्ते वाचताना मला बाबांचं आयुष्य आठवतं. का, ते सांगतो.

देबूजीचं घर

२३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, आताचा अंजनगाव सुर्जी तालुका. परीट समाजातल्या झिंगराजी आणि सखुबाईंच्या पोटी देबूजीचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनात गेले, तेव्हा पोरगं लहानच होतं. आई त्याला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. शाळा नाही, गुरं राखायची, शेतात राबायचं. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, तीही कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं म्हणून.

दारू, निरक्षरता, कर्ज आणि जात. आज आरोग्याचे अभ्यासक आजाराची मुळं शोधायला ज्या गोष्टी तपासतात, त्या देबूजीने घरातच पाहिल्या होत्या. मुलीच्या बारशाला त्याने मटण-दारूऐवजी गोडाचं जेवण वाढलं. तेव्हाच्या रिवाजात ही बंडखोरीच होती.

हातात खराटा

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, सोबत मातीचं गाडगं, हातात खराटा. गावात शिरलं की आधी रस्ते झाडायचे, नाल्या साफ करायच्या आणि रात्री कीर्तन. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून काढून घेत. विषय देवाचा कमी असे. दारू, कर्ज, अस्वच्छता, शिवाशिव आणि पोरांचं शिक्षण यांचा जास्त. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबलं नाही.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी ऋणमोचनला घाट बांधला, नाशिक, आळंदी, पंढरपूरला धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात दलित वारकऱ्यांना कुणी उतरू देत नसे, म्हणून त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतःसाठी मात्र एक झोपडीही नाही.

आता सर्वेक्षण कसं चालतं ते बघू

पहिलं एनएफएचएस १९९२-९३ मध्ये झालं, पाचवं २०१९-२१ मध्ये. पाचव्यात ७०७ जिल्ह्यांतली जवळपास ६ लाख ३७ हजार घरं होती. प्रत्येक घरी जाणं शक्यच नाही. म्हणून जनगणनेच्या यादीतून गावं निवडतात, निवडलेल्या गावातल्या घरांची यादी करतात आणि त्यातून साधारण २२ घरं ठरावीक पद्धतीने उचलतात. आपल्या ओळखीचं घर घेता येत नाही. दार बंद असेल तर शेजारचं घर घ्यायचं, हेही चालत नाही. नाहीतर फक्त घरी सापडणारेच मोजले जातील.

मग टॅब्लेटसारख्या उपकरणावर प्रश्न भरतात. संडास कुठला, लेकराला गेल्या दोन आठवड्यांत हगवण लागली का, कुटुंबप्रमुखाची जात कोणती? वजन-उंची मोजतात. पाचव्या सर्वेक्षणात बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिनही तपासलं होतं. पगार थेट विचारत नाहीत. घराचं छत, फ्रिज, गाडी अशा वस्तूंवरून गरीब ते श्रीमंत असे पाच गट पाडतात.

आकडे काय बोलतात?

चौथ्या सर्वेक्षणात देशातल्या ४८.५ टक्के लोकांच्या घरी स्वतःचा, सुधारित संडास होता, पाचव्यात ७०.२ टक्के. मोठी झेप आहे. पण हा ७०.२ फोडून बघा: शहरात ८१.५, खेड्यात ६४.९. वयाच्या मानाने उंची खुंटलेली पाच वर्षांखालची मुलं शहरात ३०.१ टक्के, खेड्यात ३७.३. पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणारे शहरात १६.५ टक्के, खेड्यात १९.९.

महाराष्ट्रात उंची खुंटलेली मुलं ३४.४ वरून ३५.२ टक्के झाली, म्हणजे कमी झालीच नाहीत. असं का, याचं कारण हा आकडा एकटा सांगत नाही. तो फक्त कुठे बघायचं ते दाखवतो.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे: सरासरी एकच असते, तिच्या आत राहणारी माणसं वेगवेगळी असतात. म्हणून गाव, जात, शिक्षण, संपत्ती असं फोडून बघावंच लागतं. बाबा त्याच फटीत जाऊन झाडत होते.

सर्वेक्षणाला न दिसणारी माणसं

तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, जिल्ह्याच्या तक्त्यात अमरावती दिसते, वलगाव दिसत नाही. लोकांची ओळख उघड होऊ नये म्हणून डेटा देताना गावांची ठिकाणंही मुद्दाम थोडी सरकवलेली असतात. हे योग्यच आहे, पण त्यामुळे तुमच्या गल्लीची नाली कुठल्याच फाइलमध्ये सापडणार नाही.

दुसरी जास्त बोचते. यादी घरांची असते. ज्याला घरच नाही, तो तिच्यात येत नाही. पन्नास वर्षं रस्त्यावर आणि धर्मशाळांच्या आसऱ्याने काढलेले गाडगेबाबा आज असते, तर या सर्वेक्षणातून बहुतेक सुटलेच असते. कामासाठी गावोगाव फिरणारी, पालं ठोकून राहणारी कितीतरी कुटुंबंही अशीच सुटू शकतात.

आकड्याने जिल्हा कळतो, खराट्याने गल्ली. दोन्ही लागतात.

तुम्ही काय करू शकता?

मोबाइलवर आपल्या जिल्ह्याची एनएफएचएस फॅक्टशीट शोधा. ती मोफत आणि मोजक्या पानांची आहे. चौथं आणि पाचवं सर्वेक्षण शेजारी ठेवून संडास, रक्तक्षय आणि मुलांची वाढ या तीन ओळी वाचा. मग ग्रामसभेत तेवढ्याच तीन ओळींवर विचारा, आपल्या गावात काय परिस्थिती आहे? आणि कधी सर्वेक्षणवाली ताई तुमच्या दारात आली, तर तिला बसायला सांगा, पाणी द्या, खरं ते सांगा. तुमच्या एका उत्तरामागे शेकडो घरं उभी असतात.

तुमच्या जिल्ह्याच्या आकड्यांत काय दिसलं, ते आम्हाला नक्की कळवा!