माल्कम एक्स : तुरुंगात एकदम सुटलेली व्यसनं

ईदच्या शीरखुर्म्यात आपण चिमूटभर जायफळ घालतो. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, चार्ल्सटाउनच्या जुन्या तुरुंगात १९४६ साली हेच जायफळ काडेपेटीत भरून चोरून विकलं जायचं. स्वयंपाकघरात कामाला असलेले कैदी ते आणायचे. थंड पाण्यात ढवळून प्यायलं की गांजासारखी नशा चढते. (जायफळ जास्त पोटात गेलं तर विषासारखं बाधतं. कुणी करून पाहू नये.) ते पिणाऱ्यांत एक उंच, तांबूस केसांचा काळा तरुण होता. नाव माल्कम लिटल. हाच पुढे माल्कम एक्स आणि हजनंतर अल-हाज मलिक अल-शबाज झाला.

जन्म १९ मे १९२५, ओमाहा. सहा वर्षांचा असताना वडील ट्रामखाली गेले. १९३९ मध्ये आईला मनोरुग्णालयात ठेवलं आणि भावंडं पांगली. पोरगा बॉस्टनला सावत्र बहीण एला हिच्याकडे आला, तिथून न्यूयॉर्कच्या हार्लेमला. बूटपॉलिश, रेल्वेत सँडविच विकणं, हॉटेलात वेटर, मग गांजा विकणं आणि घरफोड्या. स्वतःलाही सगळं लागलं होतं : दारू, सिगारेट, गांजा, कोकेन. चोरीचं घड्याळ दुरुस्तीला टाकलं, ते आणायला गेला आणि पकडला गेला. आठ ते दहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वय विसाच्या पुढे नव्हतं.

तुरुंगात गेल्यावर नशा सुटते असं आपण समजतो. तसं झालं नाही. बाहेरून पैसे आले की पहारेकऱ्यांकडूनच गांजा आणि गोळ्या मिळायच्या. देवाधर्माला इतक्या शिव्या द्यायचा की कैद्यांनी त्याचं नाव सैतान ठेवलं.

घरच्यांनी आशा सोडली नाही. भाऊ फिल्बर्टने धर्मावर पत्र पाठवलं, त्याला उर्मट उत्तर गेलं. मग १९४८ मध्ये धाकट्या रेजिनाल्डचं पत्र आलं. त्याला भावाचा स्वभाव पक्का माहीत होता. पत्रभर घरच्या गोष्टी आणि शेवटी दोनच सूचना : डुकराचं मांस खाऊ नको, सिगारेट ओढू नको, सुटायचं कसं ते मी दाखवीन. माल्कमला वाटलं यात तुरुंगाला फसवायची काहीतरी युक्ती असणार. हातातलं पाकीट तेवढं संपवलं आणि त्यानंतर सिगारेट ओढली नाही. तीन-चार दिवसांनी जेवणात डुकराचं मांस आलं, त्याने ताट पुढे सरकवलं. सैतान डुकराचं मांस खात नाही, ही बातमी बराकभर पसरली. त्याला स्वतःला याचा अभिमान वाटला, आणि मला वाटतं खरी कलाटणी इथेच आहे. भावाने त्याच्यापुढे पापांची यादी वाचली नव्हती. करता येईल असं काम दिलं होतं.

त्याच वर्षी एलाच्या खटपटीने त्याला नॉरफोकच्या तुरुंगात हलवलं. तिथे मोठं ग्रंथालय होतं. त्याने डिक्शनरी पहिल्या पानापासून वहीत उतरवून काढली. रात्री दहाला दिवे गेले की दाराबाहेरच्या अंधुक उजेडात वाचायचा. डोळे बिघडले, चष्मा लागला. नशेची जागा रिकामी राहिलीच नाही. सगळ्यात अवघड काय गेलं? गुडघे टेकून दुआ करणं. त्याला आठवडा लागला.

एक स्पष्ट सांगायला हवं. भाऊ ज्या नेशन ऑफ इस्लाम संघटनेत होते तिच्या कित्येक शिकवणी आपल्या दीनच्या विरुद्ध होत्या. पण दारू, तंबाखू, नशा यांना तिथे सक्त बंदी होती.

ऑगस्ट १९५२ मध्ये सुटल्यावर माल्कम एक्स त्या संघटनेचे मोठे वक्ते झाले. हार्लेममध्ये नशा सोडवायचं कामही चाललं. जो स्वतः नशेतून बाहेर आला, तोच जुन्या ओळखीच्या नशेबाजाकडे जायचा, महिनोनमहिने मागे लागायचा. मनाची तयारी झाली की नशा एकदम बंद आणि त्या हालाच्या दिवसांत हे साथीदार रात्रंदिवस उशाशी बसायचे. आपल्याकडे कुणी असं करायला निघालं तर आधी डॉक्टरांना विचारावं. वर्षानुवर्षं दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने अचानक थांबवलं तर झटके येऊन जिवावर बेतू शकतं.

मार्च १९६४ मध्ये त्यांनी ती संघटना सोडली आणि एप्रिलमध्ये हज केला. मक्केत गोऱ्या-काळ्यांना एका ताटात जेवताना पाहून सगळे गोरे सैतान, हा जुना समजही सुटला.

आत्मकथेसाठी लेखक अलेक्स हेली यांच्याबरोबर रात्री उशिरापर्यंत बैठका चालत. तेव्हा समोर कॉफी असायची, तीच एक सवय उरली होती. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या ऑड्युबॉन सभागृहात भाषणाला उभे राहताच त्यांना गोळ्या घातल्या. वय ३९. पुस्तक त्याच वर्षी, पण ते गेल्यानंतर छापून आलं.