आडनावामागचे घर शोधणारा शास्त्री

आडनावावरून घराणे ओळखावे ही समाजाची जुनी सवय आहे. परंतु जुने कागद या सवयीला पदोपदी धक्का देतात. इचलकरंजीच्या अधिपतींचे आडनाव घोरपडे. त्यावरून त्यांचा मूळ पुरुष सेनापती संताजी घोरपडे यांच्या कुळातला असावा, असा तर्क कोणीही करील. वस्तुतः तो म्हापणचा नारो महादेव जोशी. संताजींच्या आश्रयाने तो वाढला, पुढे आला, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून त्याने धन्याचेच आडनाव धारण केले. या घराण्याचा इतिहास कागदपत्रांच्या आधारे लिहिणारे गृहस्थ मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत असत. वासुदेव वामन खरे हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना वासुदेवशास्त्री म्हणून ओळखतो.

खरे यांचा जन्म १८५८ साली गुहागर येथे झाला. साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकर यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. काही काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवून ते मिरजेस गेले आणि तेथलेच झाले. त्यांनी काव्य लिहिले, ‘गुणोत्कर्षा’सारखी नाटके लिहिली, १८९२ साली नाना फडनविसांचे चरित्र प्रसिद्ध केले. तथापि त्यांचे खरे जीवितकार्य मिरजेच्या पटवर्धनांच्या दप्तरात त्यांची वाट पाहत होते.

पटवर्धनांचा मूळ पुरुष हरिभट हा इचलकरंजीकर नारो महादेवाचा उपाध्याय. भिक्षुकाच्या या घरातले मुलगे पेशव्यांच्या चाकरीत शिरले, सरदार झाले, आणि मिरज, तासगाव, कुरुंदवाड, सांगली, जमखंडी अशा त्यांच्या शाखा पसरल्या. या घराण्याची हकीकत सांगणारी ‘हरिवंशाची बखर’ खरे यांनी प्रसिद्ध केली. पण बखरीवर विसंबून राहणारा तो पिंड नव्हता. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने त्यांनी मूळ पत्रेच छापावयास आरंभ केला. १८९८ साली राजवाड्यांनी वाईस सापडलेल्या पत्रांचा पहिला खंड काढला. साताऱ्यास पारसनीस कागद जमवीत होते. कृष्णाकाठी या तीन अभ्यासकांनी जणू एकाच यज्ञाला समिधा पुरविल्या.

हे काम किती जिकिरीचे होते याची कल्पना छापील खंड चाळणाऱ्यास सहसा येत नाही. अठराव्या शतकातील माणूस सहीत आडनाव लिहीत नसे. स्वतःचे नाव आणि पित्याचे नाव एवढ्यावर भागत असे. गोपाळराव गोविंद, परशुराम रामचंद्र, कोन्हेर त्रिंबक ही सारी पटवर्धन मंडळी; पण कागदावर ‘पटवर्धन’ हा शब्द शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. त्यातच आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत. पुष्कळ पत्रांवर तिथी किंवा चंद्र असे, वर्ष मात्र नसे. तेव्हा स्वारी कोठे होती, पागेस किती रोजमुरा दिला, कोणाचे निधन झाले, असे धागे जुळवून पत्राचे साल ठरवावयाचे, आणि मग ते पत्र कोणत्या गोपाळरावाचे हे सांगावयाचे. शाळेची नोकरी सांभाळून हा मोडी कागदांचा ढीग त्यांनी उपसला. १९२४ साली मिरजेस त्यांचा अंत झाला.

त्या काळी दप्तर उघडून दाखविणे ही साधी गोष्ट नव्हती. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि सनद दाखविता न आल्याने अनेकांची इनामे गेली. कागद म्हणजे घराची भाकरी, ही धास्ती वाड्यावाड्यांत बसली. कोणी रुमाल माळ्यावर दडविले, आणि वाळवीने ते निवांत खाल्ले.

कागद नाहीसे झाल्यावर काय होते, हे आयर्लंडकडे पाहिल्यास कळते. जून १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनचे अभिलेखागार जळाले आणि १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. तेथील कुटुंबे आपला मागमूस आज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास करआकारणीसाठी केलेल्या जमिनींच्या मोजदादीत शोधतात. कोणत्या गावी कोणते कूळ जमीन कसत होते, ते तिच्यात नोंदले आहे. आपल्याकडे पहिली जनगणना १८७२ साली झाली. पण अहवालांत छापून आले ते आकडे, माणसांची नावे नव्हेत. सामान्य रयतेची नावे सापडावयाची ती कुलकर्ण्याच्या कुळवार जमाबंदीत, वतनाच्या महजरात आणि करीन्यात.

खरे यांच्या खंडांची मर्यादाही येथेच आहे. त्यांत सरदार बोलतात. त्यांच्या पागेला दाणा पुरविणारा कुणबी क्वचितच दिसतो. हा दोष त्यांचा नव्हे. हाती आलेले दप्तर सरदाराचे होते. सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याची, बलुतेदाराची वंशावळ साऱ्याच्या याद्यांत आहे, आणि तिला अद्याप तिचा वासुदेवशास्त्री मिळावयाचा आहे. २०२३ साली जातनोंदींसाठी राज्यातील जुनी महसुली दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणारी माणसे शोधण्याची पाळी आली. ज्या कागदावर नातवाचा हक्क अवलंबून, तोच त्याला वाचता येत नाही, अशी ही अवस्था.

मिरजेच्या त्या शिक्षकापाशी सत्ता नव्हती, धन नव्हते. मोडीची ओळख, चिकाटी, आणि दप्तराच्या धन्याने टाकलेला विश्वास एवढेच त्याचे भांडवल. सातारा-सांगलीच्या शाळांतून आज शिकविणाऱ्या एखाद्याने सुट्टीत गावचे एक दप्तर उलगडावयाचे ठरविले, तर मोडी शिकण्याखेरीज त्याच्या वाटेत मोठी अडचण नाही. मात्र वाळवी कोणाची सुट्टी लागण्याची वाट पाहत नाही.