राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन

एका माणसानें दिलेलें वचन तो एकटा पाळूं शकतो. परंतु राष्ट्राच्या नांवानें दिलेलें वचन पाळावयाचें तर सर्व राष्ट्राचें मन त्याच्या पाठीशीं असावें लागतें. ही गोष्ट सांगण्यास सोपी आहे, पण ती शिकण्यासाठीं अमेरिकेस व युरोपखंडास फार मोठी किंमत द्यावी लागली. ज्यांच्या आयुष्यांत ती स्पष्ट दिसते, त्या वुड्रो विल्सन यांचें अल्प चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

विल्सन यांचा जन्म ता. २८ डिसेंबर १८५६ रोजीं अमेरिकेच्या व्हर्जिनिया संस्थानांत स्टाँटन या गांवीं झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते व आईचा जन्म इंग्लंडांतला होता. मुलगा पांच वर्षांचाहि झाला नव्हता तोंच उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध पेटलें. त्या वेळीं हें कुटुंब जॉर्जियांतील ऑगस्टा शहरीं राहात असे. तेथें वडिलांच्या प्रार्थनामंदिराचेंच जखमी शिपायांसाठीं इस्पितळ झालें. युद्ध म्हणजे काय, हें या बालकानें पुस्तकांत वाचण्यापूर्वींच घराजवळ पाहिलें.

वाचनांत तो मागेंच होता. दहा वर्षांचा होत आला तरी त्याला धड वाचतां येत नव्हतें. परंतु वडिलांनीं धीर सोडला नाहीं. मनांतील विचार नेमक्या शब्दांत मांडण्याची संवय त्यांनीं त्यास लाविली. हाच मुलगा १८७९ सालीं प्रिन्स्टन येथें पदवीधर झाला, १८८५ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळाच्या सत्तेविषयीं त्यानें नांवाजलेला ग्रंथ लिहिला व पुढच्याच वर्षीं पंडिताची पदवी मिळविली. १८९० पासून ते प्रिन्स्टन येथें अध्यापक व १९०२ पासून त्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. तेथें त्यांनीं शिक्षणपद्धति सुधारली. परंतु नव्या महाविद्यालयाच्या जागेवरून वाद निघाला तेव्हां मध्यम मार्ग स्वीकारण्यास ते तयार झाले नाहींत, आणि अखेर त्यांचाच पराभव झाला. हा स्वभाव वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

१९११ सालीं विल्सन न्यू जर्सी संस्थानाचे गव्हर्नर झाले व १९१३ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या कारकीर्दींत सरकारी कचेऱ्यांतून काळ्या वर्णाच्या नोकरांस वेगळें बसविण्याची प्रथा वाढली, हा त्यांच्या नांवावरील डाग आम्ही लपवूं इच्छीत नाहीं.

१९१४ च्या ऑगस्टमध्यें युरोपांत महायुद्ध सुरू झालें. परक्यांच्या भांडणांत पडावयाचें नाहीं, ही अमेरिकेची जुनी रीत होती. तिला अनुसरून विल्सन यांनीं आपलें राष्ट्र तटस्थ ठेविलें. १९१५ च्या मे महिन्यांत जर्मन पाणबुडीनें लुसिटानिया हें जहाज बुडविलें. सुमारें १,२०० माणसें प्राणांस मुकलीं व त्यांत शंभरांहून अधिक अमेरिकन होते, तरीहि ते युद्धांत उतरले नाहींत. देशास युद्धापासून दूर ठेविलें, या पुण्याईवरच १९१६ सालीं ते पुन्हां निवडून आले. परंतु १९१७ च्या आरंभीं जर्मनीनें पाणबुड्यांस पुन्हां मोकाट सोडलें, आणि ता. ६ एप्रिल रोजीं अमेरिकेनें युद्ध पुकारलें. याहि वेळीं विल्सन यांनीं इंग्लंड व फ्रान्स यांचा दोस्त म्हणवून घेतलें नाहीं. आपलें राष्ट्र त्यांचें केवळ सहकारी आहे, असाच शब्द वापरला. युद्ध संपेपर्यंत सुमारें वीस लक्ष अमेरिकन शिपाई फ्रान्समध्यें उतरले होते, व या युद्धापायीं एक लक्षाहून अधिक अमेरिकन मरण पावले.

१९१८ च्या जानेवारींत विल्सन यांनीं शांततेचीं चौदा कलमें जाहीर केलीं. सर्व राष्ट्रांनीं मिळून एकमेकांचें रक्षण करणारा संघ स्थापावा, हें त्यांतील शेवटचें कलम. त्यांचा आवाज आपल्या देशापर्यंतहि पोंचला. १९१९ सालीं लंडनमध्यें असलेल्या लोकमान्य टिळकांनीं हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी लेखी रूपानें पॅरिसच्या परिषदेकडे धाडली. ती मागणी मात्र परिषदेनें विचारांत घेतली नाहीं.

तहासाठीं विल्सन स्वतः पॅरिस येथें गेले. अधिकारावर असतांना युरोपांत जाणारे ते पहिलेच अमेरिकन राष्ट्राध्यक्ष होत. परंतु सिनेटमध्यें, म्हणजे कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभेंत, नुकतेंच प्रतिपक्षास बहुमत मिळालें असतांहि त्यांनीं त्या पक्षाचा एकहि सिनेटर बरोबर नेला नाहीं. तेथें फ्रान्सचे मुख्य प्रधान क्लेमान्सो यांना ऱ्हाईन नदीच्या पश्चिमेचा मुलूख जर्मनीपासून कायमचा तोडून हवा होता, कारण जर्मन सैन्य फ्रान्सवर दोनदां चालून आलेलें त्यांनीं आपल्या हयातींत पाहिलें होतें. विल्सन यांनीं व इंग्लंडचे मुख्य प्रधान लॉइड जॉर्ज यांनीं त्यांस वचन दिलें कीं, जर्मनीनें कारणावांचून हल्ला केल्यास आमचीं राष्ट्रें फ्रान्सच्या मदतीस धांवून येतील. त्या वचनावर विश्वासून क्लेमान्सो यांनीं आपला हट्ट सोडला. ता. २८ जून १९१९ रोजीं व्हर्सायच्या तहाबरोबरच या करारावरहि सह्या झाल्या.

परंतु अमेरिकेंत कोणताहि तह सिनेटच्या दोन तृतीयांश मतांनीं मान्य व्हावा लागतो. सिनेटर लॉज यांचें म्हणणें असें कीं, कायदेमंडळानें ठरविल्यावांचून अमेरिकन सैन्य परदेशीं पाठविण्याचें बंधन नसावें. अशा अटी घातल्यास तह मान्य करण्यास पुष्कळ सभासद तयार होते. ज्यांनीं कायदेमंडळाच्या सत्तेवर ग्रंथ लिहिला, तेच विल्सन आतां एक शब्दहि बदलूं देईनात. लोकांसच आपल्या बाजूस वळवावें म्हणून ते सप्टेंबर महिन्यांत आगगाडीनें हजारों मैल फिरले, भाषणांवर भाषणें करीत गेले. कोलोराडोंतील प्वेब्लो येथें त्यांची शक्ति संपली, ता. २ ऑक्टोबर रोजीं त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. अंथरुणावरूनहि त्यांनीं आपल्या अनुयायांस अटी नाकारण्यास सांगितलें. ता. १९ मार्च १९२० रोजीं अटींसह तहास ४९ मतें अनुकूल व ३५ प्रतिकूल पडलीं. सात मतें कमी पडलीं. फ्रान्सला दिलेल्या वचनाचा करार तर सिनेटमध्यें मतासहि आला नाहीं. इंग्लंडचें वचन अमेरिकेच्या वचनावर अवलंबून होतें. तेंहि त्याबरोबर गळून पडलें.

विल्सन यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, पण ता. ३ फेब्रुवारी १९२४ रोजीं ते वारले, तेव्हां त्यांचें राष्ट्र राष्ट्रसंघाबाहेरच होतें. फ्रान्सनें मुलूखहि सोडला होता आणि आधारहि गमावला होता. १९३६ सालीं जर्मन सैन्य ऱ्हाईनकांठीं परत आलें व १९४० सालीं पॅरिसमध्यें शिरलें. केवळ या एका कारणानें दुसरें महायुद्ध झालें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मित्राच्या शब्दावर विसंबून ज्यानें आपला हक्क सोडला, त्याची स्थिति काय होते, तें येथें दिसलें.

हा धडा वायां गेला नाहीं. पुढें राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं प्रतिपक्षाचे सिनेटर व्हँडेनबर्ग यांस आरंभापासून सोबत घेतलें. ता. ४ एप्रिल १९४९ रोजीं बारा राष्ट्रांनीं उत्तर अटलांटिक करारावर सह्या केल्या, व सिनेटनें तो ८२ विरुद्ध १३ मतांनीं मान्य केला. त्यानंतरहि अमेरिकेचें धोरण अनेकदां हेलकावे खात आलें आहे, आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर युरोपच्या मनांत जुनी शंका जागी होते. २०२५ सालीं हेग येथें सभासद राष्ट्रांनीं २०३५ पर्यंत आपल्या उत्पन्नाचा शेंकडा पांच भाग संरक्षणावर खर्चण्याचें ठरविलें, त्यामागें ही शंकाहि आहे. उलट, २०२३ सालीं अमेरिकेनें असा कायदा केला कीं, सिनेटच्या दोन तृतीयांश मतांवांचून किंवा कायदेमंडळाच्या नव्या कायद्यावांचून कोणत्याहि राष्ट्राध्यक्षास हा करार सोडतां येऊं नये. ज्या दोन तृतीयांश मतांनीं विल्सन यांची वाट अडविली, तींच आतां बाहेर जाणाऱ्याच्या वाटेवर उभीं केलीं आहेत.

विद्यार्थिमित्रहो, विल्सन यांचा हेतु उदात्त होता व त्यासाठीं त्यांनीं आपला देह झिजविला. तरीहि, ज्यांच्या संमतीवांचून वचन पाळतां येणार नव्हतें त्यांची संमति त्यांनीं आधीं मिळविली नाहीं. आपण आपल्या घराच्या, वर्गाच्या किंवा गांवाच्या वतीनें कोणास शब्द देऊं, तेव्हां ज्यांना तो पाळावयाचा आहे त्यांस आधीं विचारावें, आणि त्यांच्या रास्त अटी ऐकून घ्याव्या. नाहींतर शब्द आपला जातो, पण नुकसान त्यावर विसंबलेल्या माणसाचें होतें.